ठाणे ते लंडन गाडीने : मधे विश्रांतीचे दिवस किती आणि कुठे ठेवावेत?

सई_घोडबंदर

नमस्कार मंडळी,

आम्ही चौघं पुढच्या वर्षी एप्रिलच्या शेवटी ठाण्याहून गाडीने लंडनला निघतोय. मी, नवरा, धाकटा दीर आणि जाऊ, सगळे पन्नाशीच्या आसपास, मुलं आपापल्या मार्गाला लागलीत, आत्ता नाही तर कधी असं म्हणत म्हणत एकदाचं ठरलं. रूट साधारण असा की सोनौलीहून नेपाळ, काठमांडू, रसुवागढीवरून तिबेट, ल्हासा, गोलमुड, दुनहुआंग, तुर्फान, काशगर, मग किर्गिझस्तान, उझबेकिस्तान, कझाकस्तान, रशिया, जॉर्जिया, तुर्कस्तान आणि पुढे युरोप. कार्ने (गाडी परदेशात न्यायचा कस्टमचा कागद), आयडीपी (आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परवाना), चीनच्या एजन्सीची कागदपत्रं हे सगळं दीर बघतोय, त्याबद्दल मला काही विचारायचं नाहीये.

माझा प्रश्न वेगळा आहे. दिराने एक्सेलमधे ६२ दिवसांचं शीट बनवलंय आणि त्यात गाडी अजिबात हलणार नाही असे दिवस फक्त ३ आहेत, काठमांडू, ल्हासा आणि इस्तंबूल. त्यातही काठमांडूला पशुपतिनाथ, स्वयंभू आणि पाटण, ल्हासाला पोताला आणि जोखांग, इस्तंबूलला तर यादी संपतच नाही. म्हणजे गाडी थांबणार पण आम्ही नाही थांबणार. मी म्हटलं याला काही विश्रांती म्हणत नाहीत, तर दीर म्हणतो वहिनी, चीनमधे गाईडचे पैसे दिवसावर असतात, एक दिवस लोळून काढला तर तेवढे पाण्यात. त्याचंही खोटं नाही, शीटवर सगळ्यात मोठा आकडा चीनचाच आहे.

पण मला भीती आहे ती गेल्या वर्षीच्या स्पितीमुळे. ठाण्याहून गाडीनेच गेलो होतो, रोज ड्रायव्हिंग, एक दिवसही थांबलो नाही. परतताना नवव्या की दहाव्या दिवशी रामपूर बुशहरच्या अलीकडे दुपारी तीनच्या सुमारास, मी मागे वळून जावेला पाण्याची बाटली देत होते आणि एकदम खालचा आवाज बदलला, डांबरावरून खडीवर. नवऱ्याचा डोळा लागला होता. गाडी डावीकडच्या मातीत घुसून थांबली, डावीकडे डोंगर होता म्हणून, दरी उजवीकडे होती. कुणाला खरचटलंही नाही पण तो खडीचा आवाज अजून माझ्या कानातून जात नाही. त्याने आधी एकदाही दमलोय म्हटलं नव्हतं कारण आमच्यापैकी कुणीच म्हणत नव्हतं, सगळ्यांना वाटत होतं की आपल्यामुळे बाकीच्यांचा दिवस नको मोडायला.

तर ज्यांनी असा लांबचा प्रवास केलाय त्यांनी सांगा, ६२ दिवसांत पूर्ण थांबायचे दिवस किती हवेत, कुठे ठेवावेत, आणि त्या दिवशी तुम्ही नक्की काय केलंत. दिराला दाखवायला मला ठोस काहीतरी हवंय.

---

नेरुळचा_निनाद

सईताई, आम्ही चार मित्र २०१९ ला जवळपास याच रूटने गेलो होतो, म्हणून सविस्तर लिहितो.

आम्हीपण सुरुवातीला विश्रांतीचा दिवस ठेवलाच नव्हता, वय तिशीचं, वाटायचं झोप रोज रात्री होतेच की. गोलमुडला पोचेपर्यंत आमच्यात भांडणं सुरू झाली होती. आणि भांडणं कशावरून तर गाडीत चार्जरची वायर कुणाची आहे आणि खिडकी किती उघडी ठेवायची यावरून. शाळेपासूनचे मित्र आम्ही, एरवी असल्या गोष्टीवर तोंड उघडलं नसतं. तेव्हा कळलं नाही पण आता सांगतो, थकवा आधी डोळ्यात येत नाही, आधी बोलण्यात येतो. तुमच्या गाडीत कुणी चार वाक्यांच्या जागी एक वाक्य बोलायला लागला की समजा थांबायची वेळ होऊन गेलीये.

काशगरला आम्हाला थांबावं लागलं कारण तेव्हा शनिवार-रविवार किर्गिझस्तानची बॉर्डर बंद असायची, तोरुगार्त आणि इर्केश्ताम ही दोन्ही नाकी. आम्ही शुक्रवारी संध्याकाळी पोचलो, म्हणजे दोन दिवस सक्तीने. पहिल्या दिवशी एक मित्र सलग चौदा तास झोपला, आम्ही दोनदा जाऊन श्वास चालू आहे ना बघून आलो. मी सगळ्यांचे कपडे बाथरूममधे बादलीत भिजवले, पहिलं पाणी चहासारखं, दुसरंही तसंच, चौथ्या पाण्याला कुठे फेस दिसला. मग पडद्याच्या दांडीपासून कपाटाच्या हँडलपर्यंत दोरी बांधून वाळत घातले, त्या कोरड्या हवेत दोन तासांत जीन्सपण खडखडीत. संध्याकाळी खाली गल्लीतल्या भट्टीतून गरम नान आणले आणि खोलीतच बसून टरबुजाबरोबर खाल्ले, कुणी फोन काढला नाही, कुणी पुढच्या दिवसाचं बोललं नाही. पूर्ण प्रवासातला सगळ्यात चांगला दिवस कुठला विचारलंत तर आम्ही चौघंही तोच सांगतो. रविवारी मग काशगरचा गुरांचा बाजार बघितला, तो भरतोच रविवारी, आणि तो बघायला अंगात उत्साह होता कारण आदला दिवस झोपण्यात गेला होता.

तर दिराला हे सांगा की काशगरला शनिवार-रविवार येईल असंच शीट लावा. बॉर्डर तशीही बंद असली तर तो दिवस वाया कसा गेला? फक्त चीनच्या सुट्ट्या बघून घ्या, १ मेच्या आसपास आणि १ ऑक्टोबरच्या आठवड्यात बॉर्डर जास्त दिवस बंद राहू शकते. आणि एक महत्त्वाचं, चीनमधे दिवस ऐनवेळी वाढवता येत नाही, तुमचा सगळा कार्यक्रम एजन्सीने आधीच मंजूर करून घेतलेला असतो, गाडीची तात्पुरती नंबरप्लेट आणि लायसन्स पण त्यालाच धरून. इथे बसून जो दिवस शीटमधे टाकाल तोच तिथे मिळेल. दमल्यावर ठरवू असं म्हणायची सोय तिकडे नाही.

अजून एक म्हणजे घड्याळ. पूर्ण चीनमधे बीजिंगचीच वेळ चालते, त्यामुळे काशगरला सकाळी सात वाजतासुद्धा नीट उजाडलेलं नसतं आणि रात्री दहापर्यंत उजेड. बॉर्डर ओलांडली की घड्याळ एकदम २ तास मागे. शरीर गोंधळतं, झोपेचं गणित चुकतं, म्हणून किर्गिझस्तानात शिरल्यावर नारिन किंवा ओशला पहिला दिवस कमी चालवा.

---

डॉ_पाचपाखाडी

मी डॉक्टर आहे, तिबेटचा भाग तेवढा नीट बघा म्हणून लिहितेय. तुमच्या शीटमधला ल्हासाचा दिवस उशिरा येतोय.

काठमांडू १४०० मीटरवर आहे, रसुवागढीच्या पलीकडचं तिबेटातलं केरुंग गाव २८०० च्या आसपास. तिथून पुढे रस्ता एका दिवसात ५००० मीटरच्या वरची खिंड ओलांडतो आणि रात्रीचा मुक्काम ४००० च्या वर पडतो. ल्हासा ३६५० वर आहे, म्हणजे ल्हासाला तुम्ही खाली उतरून येता. शरीराला सवय व्हायला जो दिवस द्यायचा तो चढायच्या आधी द्यायला हवा, म्हणजे केरुंगला. दोन रात्री केरुंगला काढा, मधल्या दिवशी थोडं चालून या, भरपूर पाणी प्या, बाकी काही नाही. कैलास मानसरोवरला याच बाजूने जाणारे यात्रेकरूही तिथे थांबतात ते याचसाठी. ३००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबावं, हा सर्वमान्य नियम आहे. गाडीच्या रस्त्यावर तो तंतोतंत पाळता येत नाही, मुक्कामाची गावंच तशी नाहीत, म्हणून तर खालचा एक दिवस जास्त मोलाचा.

डोकं दुखणं, मळमळ, भूक न लागणं, झोप न येणं हे झालं तर त्याच उंचीवर थांबायचं, वर जायचं नाही. चालताना तोल जायला लागला, कुणी असंबद्ध बोलायला लागलं किंवा बसल्या जागी धाप लागली तर विश्रांती हा उपाय नाही, लगेच खाली उतरायचं, रात्र असली तरी. डायमॉक्स या उंचीच्या त्रासावरच्या गोळीबद्दल निघायच्या आधी तुमच्या डॉक्टरांशी बोला, विशेषतः कुणाला सल्फाची अॅलर्जी, बीपी, शुगर असेल तर. आणि ल्हासाहून गोलमुडला जाताना तांगगुला खिंड ५२३१ मीटर आहे, त्यामुळे ल्हासा झालं म्हणजे उंची संपली असं समजू नका. गोलमुडला २८०० वर आलात की मग एक दिवस गाडीला हात लावू नका, तिथे शरीर खरं सैल पडतं.

रोज सात-आठ तास बसून राहणं पन्नाशीत पायांनाही चांगलं नाही, दर दोन तासांनी उतरून पाच-दहा मिनिटं चालायचंच, तेही शीटमधे धरा.

---

तुर्भे_ट्रान्सपोर्ट

ताई माझ्या वडिलांनी तीस वर्ष ट्रक चालवला, आमचा अजूनही एपीएमसीला माल असतो, म्हणून ड्रायव्हिंगबद्दल बोलू शकतो. तुमच्या मिस्टरांना स्पितीत जे झालं ते रात्री होतं असा लोकांचा समज आहे पण दुपारी दोन ते चारच्या मधे जेवण झाल्यावर, ऊन, एसी आणि सरळ रस्ता असला की तेवढीच डुलकी येते. वडील त्या वेळेत गाडी कडेला लावून केबिनमधे अर्धा तास आडवे व्हायचे, मालक ओरडला तरी.

दिरांना आकडे हवे असतील तर हे दाखवा. युरोपात ट्रक-बसच्या ड्रायव्हरला कायद्याने साडेचार तास चालवल्यावर ४५ मिनिटं थांबावंच लागतं, दिवसाला ९ तास, आठवड्यातून दोनदाच १० तास, आणि आठवड्याला सलग ४५ तासांची सुट्टी, ती कधीकधी कमी करता येते पण २४ च्या खाली नाही. गाडीतल्या टॅकोग्राफमधे सगळं नोंदलं जातं, पोलीस थांबवून तपासतात. आपल्याकडेही १९६१ चा मोटर ट्रान्सपोर्ट वर्कर्स अ‍ॅक्ट २०२५ पर्यंत होता, त्यात दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८ तास आणि एक साप्ताहिक सुट्टी होती. आयुष्यभर हेच काम केलेल्या माणसाला आठवड्याला एक पूर्ण दिवस लागतो असं कायदा म्हणतो, तर जो माणूस एरवी ऑफिसात बसतो त्याला ६२ दिवसांत ३ दिवस कसे पुरतील? हिशोबाने ८ तरी झालेच पाहिजेत.

आणि दोघं ड्रायव्हर आहेत म्हणून अर्धं अर्धं होतं असं धरू नका. शेजारी बसलेला झोपत नाही, तो रस्ता बघत असतो, परक्या देशात उजवीकडून चालवायचं म्हणजे तर ओव्हरटेकला डावीकडे बसलेल्यालाच आधी दिसतं, आपलं स्टिअरिंग उजवीकडे. तोही दमतो.

---

मुसाफिर_कळवा

माझा अनुभव थोडा वेगळा. पूर्ण दिवस थांबलं की मला दुसऱ्या दिवशी निघायचा कंटाळा येतो. त्यापेक्षा रोज २५० किलोमीटरच्या वर जायचं नाही आणि दुपारी तीनला हॉटेल गाठायचं असं ठेवलं तर वेगळे दिवस लागत नाहीत. अर्थात तिबेट आणि कझाकस्तानात गावंच इतक्या लांब आहेत की हे जमणार नाही, तिथे वरचे लोक म्हणतायत तेच बरोबर.

---

सीवूड्सच्या_मावशी

सई, मी तुझ्यापेक्षा बरीच मोठी आहे म्हणून अगं म्हणते. आम्ही दोघी बहिणी अल्माटीहून ताश्कंद, समरकंद, बुखारा असं ट्रेनने फिरलो, गाडी नव्हती, पण एक गोष्ट या सगळ्या उत्तरांत आली नाही ती सांगते.

विश्रांतीचा दिवस कुणाचा हे आधी ठरव. ड्रायव्हर झोपतात ते योग्यच आहे, त्यांनी झोपलंच पाहिजे. पण त्या दिवशी कपडे कोण धुणार, डबे कोण घासणार, कुकरला खिचडी कोण लावणार, संपलेली औषधं आणि सिमकार्ड कोण आणणार? तू आणि तुझी जाऊ. म्हणजे गाडी चालते तेव्हा तुम्ही नकाशा, खाणं, पासपोर्ट सांभाळणार आणि गाडी थांबते तेव्हा धुणंभांडी. माझ्या यजमानांबरोबर मी भूतानला गेले होते तेव्हा पारोच्या मोकळ्या दिवशी मी नळाखाली सकाळचे तीन तास काढले आणि रात्री मला ताप भरला. त्यांचं माझ्यावर प्रेम नव्हतं असं नाही, त्यांच्या ते लक्षातच आलं नाही, आणि मीही बोलले नाही. बहिणीबरोबर गेले तेव्हा आम्ही पहिल्यांदा ठरवलं की मोकळ्या दिवशी स्वयंपाक नाही, कपडे बाहेर द्यायचे, चार पैसे जाऊ देत.

निनादने मित्रांचे सगळ्यांचे कपडे धुतले हे वाचून बरं वाटलं हो.

आणि दुसरं, त्या दिवशी काही तास एकेकटं राहा. चौघं दोन महिने एका गाडीत, एका खोलीत, एका ताटात. कितीही जीव असला एकमेकांवर तरी माणसाला आपला आपला एक तास लागतो. बुखाऱ्याला लाब-ए-हौज म्हणून तळं आहे, १६२० च्या सुमाराचं, काठावर जुनी तुतीची झाडं, खाली लाकडी खाटा आणि चहा. आपल्या तलावपाळीला संध्याकाळी लोक कसे नुसते बसलेले असतात, तसे तिथले म्हातारे बसतात. बहीण हॉटेलात झोपली होती, मी एकटी त्या खाटेवर पाय वर घेऊन दोन तास बसले, हिरव्या चहाची किटली परत परत भरून येत होती, एक पिकलेलं तूत पाण्यात पडलं की मासे वर यायचे, एवढंच बघत होते. भाषा येत नव्हती म्हणून कुणी बोलायलाही आलं नाही. समरकंदला रेगिस्तान नावाचा मोठा जुना चौक आहे, तिथे तू पाय दुखेपर्यंत फिरणारच, म्हणून थांबायचं ते समरकंदला ठेवू नको, बुखाऱ्याला ठेव. बघण्यासारखं कमी असलेल्या गावात किंवा सगळं चालत दहा मिनिटांत आहे अशा गावात थांबलं तरच थांबणं होतं.

---

नेरुळचा_निनाद

मावशींच्या मुद्द्याला पूर्ण अनुमोदन.

एक राहिलं. विश्रांतीचा दिवस आणि राखीव दिवस एकच समजू नका, आम्ही ती चूक केली होती. रस्ता बंद, बॉर्डरला उशीर, गाडीचं काम यासाठी वेगळे दिवस लागतात आणि ते खर्च होतात तेव्हा तुम्ही दुप्पट दमलेले असता. ८ जुलै २०२५ ला रसुवागढीचा नेपाळ-चीन जोडणारा मितेरी पूल पुरात वाहून गेला, तुम्ही एप्रिलमधे निघताय ते बरंय पण त्या बाजूच्या रस्त्याची बातमी शेवटपर्यंत बघत राहा. तसंच रशियाहून जॉर्जियात उतरताना लार्सच्या बॉर्डरला लांबच लांब रांग लागू शकते, ते तास राखीवमधून धरा. त्यानंतर मात्र तिबिलिसीला थांबा, तिथे जुन्या शहरात गंधकाच्या गरम पाण्याची स्नानगृहं आहेत, आमच्या पाठी तिथे मोकळ्या झाल्या.

गाडीचं काम पण विश्रांतीच्या दिवशी काढू नका. एअर फिल्टर झटकणं, ऑइल, टायर हे आदल्या दिवशी संध्याकाळी पोचल्या पोचल्या उरका नाहीतर दिराचा पूर्ण दिवस बॉनेटखाली जाईल.

---

सई_घोडबंदर

सगळ्यांचे खूप आभार. काल रात्री जेवण झाल्यावर तुमचे प्रतिसाद चौघांनी मिळून वाचले, मी मोठ्याने वाचून दाखवले. टॅकोग्राफच्या आकड्यांवर दीर गप्प झाला, त्याला आकडे पटतात. पण खरं सांगू का, मावशींचं वाचताना माझा आवाज अडकला आणि जाऊ उठून स्वयंपाकघरात गेली, ती स्पितीहून आल्यावर आठवडाभर आजारी होती आणि आम्ही त्याला थंडी बाधली म्हणालो होतो. नवरा बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला कपडे मी आणि हा धुणार, बाहेर द्यायची सोय नसेल तिथे.

नवीन शीट ७० दिवसांचं झालंय. केरुंगला दोन रात्री, ल्हासा आहे तसं फिरण्यासाठी, गोलमुडला एक पूर्ण दिवस, काशगरला शनिवार-रविवार, बुखाऱ्याला दोन दिवस, तिबिलिसीला एक, इस्तंबूलला एक फिरायचा आणि एक न फिरायचा. शिवाय तीन दिवस राखीव, वेगळ्या रंगात. तुर्फानला उन्हाळ्यात थांबायचं नाही असंही ठरलं, समुद्रसपाटीच्या खालचा तो खोलगट भाग, तिथल्या उकाड्यात दिवसा झोप कुठली लागणार. पैशाचं म्हणाल तर युरोपातले पाच दिवस कमी केले, शेंगेन व्हिसाचे ९० दिवस पुरून उरत होते तरी, पॅरिस पुढे कधीतरी विमानाने होईल.

मावशी, त्या तळ्याकाठच्या खाटा सकाळी किती वाजता मांडतात आठवतंय का? माझा एकटीचा तास सकाळचा ठरलाय.

---

सीवूड्सच्या_मावशी

अगं मी गेले तेव्हा नऊच्या आसपास चहा मिळाला होता. त्याआधी गेलीस तरी काठाच्या दगडी पायऱ्या आहेतच, शाल घेऊन जा, सकाळी पाण्यावरून गार वारा येतो.